मालवा पळत होती

सोमवारी सकाळी पत्र आलं तेव्हा ग्रिसेल हसली होती. सालतो गावची कुणी निबिया, शिवणकाम करून राहणारी बाई. तिनं लिहिलं होतं, "तुमचा खेळ मी गेली चौदा वर्षं खेळते. रोज सकाळी, मशीनवर बसायच्या आधी. मागच्या आठवड्यात कॉम्प्युटर दुरुस्तीला दिला होता, दुकानदारानं त्यात नवी सिस्टिम घालून दिली, आणि तेव्हापासून तुमची मालवा चालायला लागली आहे. आधी ती पळायची. तुम्ही तिला काही केलंत का? का तिचंही माझ्यासारखं वय झालं? मला ती पळतानाच बरी वाटायची." ग्रिसेलनं भोपळ्याच्या पेल्यातल्या येर्बाच्या पाल्यावर गरम पाणी ओतलं, नळी ओठांत धरली आणि खिडकीबाहेरच्या नदीकडे बघत पुन्हा हसली. मालवा आणि पळणार! जगात ज्यांना मालवा ठाऊक होती त्यांना तिच्याबद्दल एवढी एकच गोष्ट ठाऊक होती, की ती पळत नाही. अंगात जाड ओव्हरकोट, बगलेत थर्मास, पायांत पुरुषी बूट. पडद्यावरच्या धुक्यातून नदीकाठानं ती एका टोकाहून दुसऱ्या टोकाला निघते. वाटेत बाक लागतात, गळ टाकून बसलेले म्हातारे लागतात, बंद पडलेला जत्रेतला पाळणा लागतो, आणि एक तास चाळीस मिनिटांनी ती पोचते. बास. जिंकायला काही नाही, हरायला काही नाही. लोकांना ते इतकं का आवडावं हे कुणालाच धड सांगता आलेलं नव्हतं. रात्री बाकी सगळे आवाज बंद करून तिच्याबरोबर चालणारी, झोप न येणारी माणसं लिहायची, आजारातून उठलेली माणसं लिहायची. एका परिषदेत तर एका गृहस्थांनी ग्रिसेलची ओळख 'संथपणाची कारागीर' अशी करून दिली होती, आणि तिनंही मान किंचित तुकवून ती पदवी पदरात पाडून घेतली होती.

दुपारपर्यंत ते हसू कुठं गेलं ते तिला कळलं नाही. माशाचा बारीक काटा घशात राहावा तसा एक शब्द राहून गेला होता. पळायची. पावाचा घास गिळला तरी जात नव्हता, पाणी प्यायलं तरी जात नव्हता. तिनं खिडकी उघडली, मिटली. नदी नेहमीसारखी तपकिरी होती. या शहरातले लोक तिला समुद्र म्हणतात आणि परक्या माणसानं ती नदी आहे असं म्हटलं तर त्यांना राग येतो. तो शब्द निबियाचा नव्हता, हे ग्रिसेलला ठाऊक होतं. जगात आजवर एकाच माणसानं मालवाबद्दल तो शब्द वापरला होता, आणि तो माणूस त्या शब्दापायी घरातून गेला होता. "ग्रिसे, ही पळतेय," एल्बियो म्हणायचा. कानांवरचे हेडफोन मानेवर ओढून, खुर्ची अर्धी वळवून, आधी हसत, मग कपाळाला आठ्या घालून, आणि शेवटी शेवटी अगदी हळू आवाजात, स्वतःचाच भरवसा नसल्यासारखा. "ही पळतेय गं."

वीसएक वर्षांपूर्वी, शहराच्या पालेर्मो भागात, गाद्या-कोच भरून देणाऱ्या एका कारागिराच्या वर त्यांची खोली होती. खालून घोड्याच्या केसांचा आणि सरसाचा वास यायचा, तो त्यांच्या कपड्यांना, पावाला, एकमेकांच्या केसांना लागलेला असायचा. तीन वर्षं दोघं तिथं राहिले. मालवा तिथंच जन्मली. तिचे बूट एल्बियोच्या वडिलांचे, ओव्हरकोट ग्रिसेलच्या मावशीचा, आणि चाल कुणाची यावर त्यांचं लाडिक भांडण असायचं. मालवाच्या प्रत्येक पावलाचे बारीक बारीक तुकडे होते आणि प्रत्येक तुकड्यानंतर एक विसावा होता, सेकंदाच्या हजार भागांतले चार भाग. चार हा आकडा त्यांनी दोघांनी मिळून ठरवला होता. तीन दिवस आकडे बदलून बदलून, उशा भिंतीला लावून बसून, ते पडद्याकडे बघत राहिले होते, आणि चारवर आल्यावर दोघांनी एकदमच "हं" म्हटलं होतं. ग्रिसेलच्या आयुष्यात त्या "हं"पेक्षा जास्त सुखाचं असं फार थोडं घडलं. पुढं एल्बियोनं कुठून तरी दुसरा कॉम्प्युटर मिळवला, दोन्ही एका तारेनं जोडले, फाइल एकच ठेवली, आणि एकाच टेबलाच्या दोन बाजूंना दोघं काम करू लागले. तिला कामाच्या वेळी चिमणीचा आवाजही खपत नसे. त्याला कार्निव्हालची गाणी लागत, ती मुर्गा नावाच्या ताफ्यांची, चौदा गळे एकदम फाडून म्हटलेली. म्हणून त्यानं हेडफोन घेतले आणि गाणी कॉम्प्युटरवरच लावायला सुरुवात केली. घरात शांतता नांदली. आणि बरोब्बर त्याच आठवड्यात एल्बियो पहिल्यांदा म्हणाला, "मालवा पळतेय. तू आकडा कमी केलास का?"

तिनं नव्हता केला. फाइल उघडली तर चारच होता. "डोळे तपासून घे रे बाबा," ती म्हणाली. तो हसला. दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग ती उठून त्याच्या बाजूला जायची, आणि तो तिला दाखवायला बसायचा. मालवाच्या पावलांचा आवाज तिलाही ऐकू यावा म्हणून हेडफोन काढायचा, गाणी बंद करायचा, खेळ पहिल्यापासून सुरू करायचा, आणि मालवा चालायची. अगदी शहाण्यासारखी, बगलेत थर्मास धरून, एकेक पाऊल टाकत. डॉक्टर दारात आला की पोराचा ताप उतरावा तशी. "बघ," ग्रिसेल म्हणायची. "आत्ता नाही," तो म्हणायचा, "पण मगाशी पळत होती." ती आपल्या खुर्चीवर परत जायची. अर्ध्या तासानं पलीकडून पुन्हा तो हळू आवाज. असं किती दिवस चाललं? एक सबंध हिवाळा. सुरुवातीला चेष्टा होती, मग चिडचिड झाली, मग त्या खोलीत एक तिसरंच काहीतरी येऊन राहिलं. ग्रिसेलला वाटू लागलं, हा माणूस आकडा बदलतो, मला वेड्यात काढतो आणि मी उठले की परत चार करून ठेवतो. का करत असेल? मालवा आपली एकट्याची व्हावी म्हणून? आपल्याला ती संथ नकोच होती, हे धीटपणे सांगता येत नाही म्हणून? चोराच्या मनात चांदणं म्हणतात. पण चोरी न झालेल्या घरात बसूनही माणसाला चांदणं दिसू लागतं, हे तिला तेव्हा कुठं माहीत होतं.

मंगळवारी तिनं निबियाला दोन ओळी लिहिल्या, "तुम्ही खेळताना कॉम्प्युटरवर आणखी काय चालू असतं?" उत्तर तासाभरात आलं. "रेडिओ, बाई. सकाळी माझा रेडिओ कॉम्प्युटरवरच लागतो. एकटीच्या घरात कुणीतरी बोलत असलेलं बरं असतं." ते वाचून ग्रिसेलला मानेवर ओढलेले ते हेडफोन आठवले. मग तिनं सिस्टिम बनवणाऱ्यांनी नव्या आवृत्तीबरोबर दिलेलं टिपण शोधलं. असली टिपणं ती कधी वाचत नसे. तिच्या धंद्यातलं कुणीच वाचत नाही, घर बांधणारा माणूस जमिनीखाली काय आहे ते विचारत नाही तसं. त्यात एका परिच्छेदात, औषधाच्या चिठ्ठीसारख्या कोरड्या भाषेत, सगळं लिहिलेलं होतं. जुन्या सिस्टिममध्ये सगळ्या कॉम्प्युटरला मिळून एकच घड्याळ होतं. ते सेकंदाला चौसष्ट ठोके द्यायचं, आणि कुणी चार भागांचा विसावा मागितला तरी त्याला पुढचा ठोका पडेपर्यंत निजू द्यायचं, म्हणजे पंधराएक भाग. पण एखाद्या प्रोग्रामनं, म्हणजे गाणी वाजवणाऱ्यानं किंवा रेडिओ लावणाऱ्यानं, मला बारीक ठोके हवेत असं सांगितलं, की घड्याळ सगळ्यांसाठीच सेकंदाला हजार ठोके देऊ लागायचं, आणि मग चार म्हणजे चारच. घरात एकाला पहाटेची गाडी असली की सगळं घर चारला उठतं, तसं. नव्या सिस्टिममध्ये हे बदललं आहे, टिपण सांगत होतं. यापुढे एकाची घाई दुसऱ्याला लागणार नाही.

एकाची घाई दुसऱ्याला लागणार नाही. तिनं ते वाक्य पुन्हा वाचलं. किती सोयीचं, किती शहाणपणाचं. कुणीतरी दूरच्या शहरात बसून, भल्या हेतूनं, तेव्हा तसं ठरवलं होतं आणि आता असं. त्या माणसांना पालेर्मोतली खोली माहीत असायचं कारण नव्हतं. आणि तिला आणि एल्बियोलाही ते घड्याळ माहीत नव्हतं, कारण दोघांनी धंद्यातली सगळ्यात बाळबोध चूक केली होती: वेळ किती झाली हे घड्याळाला न विचारता नुसते विसावे मोजत बसले होते. आता तिला कळलं, की जिच्या संथपणावर तिनं अठरा वर्षं मिरवलं तो तिचा नव्हताच, त्याचाही नव्हता. मालवा दर पावलाला जी थांबत होती ती कुणाच्या तरी आळशी ठोक्याची वाट बघत थांबत होती. हे कळल्यावर वाईट वाटायला हवं होतं. तेवढं वाटलं नाही. वाईट वाटायला तिच्याकडे त्याहून मोठी गोष्ट होती.

माळ्यावरून तिनं जुना कॉम्प्युटर काढला. तो चालू होईल असं तिला वाटलं नव्हतं, पण जुनी यंत्रं म्हाताऱ्यांसारखी कुरकुरतात आणि उठतात. खेळ सुरू केला. मालवा चालत होती. मग तिनं शोधून मुर्गाचं एक गाणं लावलं, आणि ते चौदा गळे खोलीत फुटले, आणि मालवा पळायला लागली. ओव्हरकोटचे सोगे उडत होते. बगलेतला थर्मास वरखाली होत होता. बाक सरसर मागं जात होते, म्हातारे दिसता दिसता नाहीसे होत होते, आणि धुकं तिच्यामागं विरत होतं. ग्रिसेलनं तिला असं कधीच बघितलं नव्हतं. ती हास्यास्पद दिसेल असं तिला वाटलं होतं. ती तशी दिसत नव्हती. उशीर झालेल्या बाईसारखी दिसत होती. कुणाकडे तरी पोचायचं आहे आणि ते माणूस आता निघून जाईल, अशा घाईत असलेली. ही बाई एल्बियो रोज बघत होता. तो रोज खरं सांगत होता. ग्रिसेल पडद्यासमोर बसून दोन्ही हातांनी तोंड झाकून म्हणाली, "पळतेय रे. खरंच पळतेय," आणि तिला रडू आलं.

आणि मग तिला पाच आठवला. विसरलेली नव्हती ती. अठरा वर्षं तिनं तो जपून ठेवला होता, कारण तो तिचा पुरावा होता. त्या हिवाळ्याच्या शेवटी तिनं एल्बियोसाठी सापळा लावला होता. एका संध्याकाळी, तो पाव आणायला खाली गेला असताना, तिनं फाइलमधला चार खोडून पाच लिहिला, आणि कुणाला काही बोलली नाही. तिचा हिशेब सरळ होता. हा जर आकड्याला हातच लावत नसेल तर सकाळी पाच असेल. चोरून बदलून परत चार करून ठेवत असेल, तर सकाळी चार असेल. सकाळी तिनं फाइल उघडली आणि तिथं चार होता. तिला अजून आठवतं, आपल्याला आनंद झाला होता. "माझ्याकडे पुरावा आहे," ती त्याला म्हणाली. "कसला?" त्यानं विचारलं. "तुला चांगलं माहीत आहे कसला." सापळ्याचं तिनं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आपणच हलके ठरलो असतो असं तिला वाटलं. चार दिवसांनी तो गेला. मालवा तिनं एकटीनं पुरी केली, त्याचं नाव आपल्या नावाशेजारी घातलं आणि स्वतःच्या न्यायबुद्धीचं स्वतःच कौतुक केलं. मैत्रिणींना ती सांगायची, "संशयावरून नाही हं सोडलं मी त्याला. पुरावा होता." आता मालवा तर खरंच पळत होती, म्हणजे त्याला आकडा बदलायचं काही कारणच नव्हतं. मग पाचाचा चार कुणी केला? केला तर त्यानंच, तिसरं माणूस घरात नव्हतं. एवढी एक गोष्ट बसत नव्हती, आणि ती न बसता झोपही लागत नव्हती. ते त्याला विचारायचं तर आधी सापळा सांगावा लागणार होता.

एल्बियो कुठं असतो हे तिला माहीत होतं. एवढ्याशा देशात कुणाचं काय लपतं? त्यानं कॉम्प्युटर कधीच सोडले होते. ला उनियोन भागात सासऱ्याचं ताज्या पास्त्याचं दुकान तो चालवत होता. गुरुवारी सकाळी ती बसनं निघाली. मनात वाक्यं जुळवत होती, मोडत होती. "एल्बियो, ती पळत होती." नको, फार नाटकी. "एल्बियो, एक तांत्रिक गोष्ट कळली." शी. खिडकीतून प्लाताना झाडं जात होती, पानं गळायला लागली होती, आणि प्रत्येक थांब्यावर तिला वाटत होतं की इथं उतरावं आणि परत जावं. दुकानाच्या कोपऱ्यावर उतरली तर पदपथावर रांग. बायका, म्हातारे, ऑफिसातून सटकलेली माणसं, हातात डबे. तिला काही उमजेना.

"काय झालंय इथं?" तिनं पुढच्या आजीबाईंना विचारलं.

"काय झालंय?" आजीबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "पोरी, आज एकोणतीस तारीख. न्योक्की खायचा दिवस. कुठल्या मुलुखातली तू?"

"इथलीच."

"मग घरात कॅलेंडर नाही की माणूस नाही?"

"दोन्ही नाही," ग्रिसेल म्हणाली, आणि आजीबाई इतक्या मोठ्यानं हसल्या की पुढचे तिघं वळून बघू लागले. "मग एकटीसाठी पाव किलो घे," त्या म्हणाल्या, "आणि उभी राहा गुमान. इथं मध्ये घुसणाऱ्याला हा एल्बियो वाढत नाही. फार सरळ माणूस."

महिन्यातल्या सगळ्यात गर्दीच्या दिवशी ती आली होती. पाऊण तास ती उभी राहिली. रांग एकेक पाऊल सरकायची, थांबायची, सरकायची, आणि ग्रिसेलला आपण धुक्यातून चालतो आहोत असं वाटत राहिलं; बटाट्याची ऊब, ओल्या पिठाचा वास, काचेवर साठलेली वाफ. काचेपलीकडे तो होता. डोक्यावर पांढरी टोपी, पोट सुटलेलं, हात कोपरापर्यंत पिठात. बटाट्याच्या पिठाच्या लांब दोऱ्या करून तो त्यांचे न्योक्कीचे तुकडे पाडत होता, बघतही नव्हता, आणि सगळे तुकडे सारखे पडत होते. तिची पाळी आली तेव्हा त्यानं मान वर केली. सुरी थांबली.

"ग्रिसे," तो म्हणाला. मग काहीतरी म्हणायला हवं म्हणून, "किती देऊ?"

"ती पळत होती," ग्रिसेल म्हणाली. इतकी जुळवलेली वाक्यं, आणि तेच आलं. "मालवा. तू गाणी लावायचास ना, त्यानं सिस्टिमचं घड्याळ जलद व्हायचं. तुझ्याकडे खरंच पळायची. मला दाखवायला गाणी बंद करायचास आणि ती चालायची. मी परवा बघितलं, एल्बियो. तू खरं बोलत होतास."

मागं रांगेत कुणीतरी खाकरलं. गल्ल्यावर बसलेली त्याची बायको, सुसी, दोघांकडे बघत होती. तिला कोण आलंय हे कुणी सांगावं लागलं नाही. "जा तू आत," ती नवऱ्याला म्हणाली. "मी बघते इथं. आणि तो अॅप्रन काढ, रडारड झाली तर पिठात नको." रांगेतून हसू आलं. एल्बियोनं अॅप्रन काढला नाही.

आतल्या खोलीत पिठाची पोती होती आणि एक उंच खिडकी. तो उभाच राहिला. तिनं त्याला सगळं सांगितलं, निबियाचं पत्र, चौसष्ट ठोके, हजार ठोके. तो ऐकत होता, मध्येच त्याचा चेहरा उजळला, जुना एल्बियो क्षणभर वर आला. "म्हणजे मुर्गामुळं!" तो म्हणाला. "आयला! एकच घड्याळ सगळ्यांना! आपण गाढव, ग्रिसे, घड्याळाला विचारलंच नाही कधी." तो खो खो हसला. त्याला एवढंच पुरेसं होतं, हे तिला दिसलं. इथं थांबता आलं असतं. दोघं निर्दोष, चूक दूरच्या कुणाची तरी, न्योक्की घेऊन घरी जावं. तिला तसं करायची फार इच्छा झाली.

"अजून एक आहे," ती म्हणाली. आवाज तिलाच अनोळखी वाटला. "शेवटच्या आठवड्यात मी तुला पकडायला सापळा लावला होता. तू पाव आणायला गेलास तेव्हा चाराचा पाच केला. सकाळी परत चार होता. तो तूच केलास ना?"

एल्बियोचं हसू हळूहळू उतरलं. तो आठवत होता; त्याला आठवायला वेळ लागला नाही.

"हो," तो म्हणाला. "रात्री फाइल उघडली तर पाच दिसला. तू त्या दिवसांत टेबलावरच डुलक्या घ्यायचीस. म्हटलं, झोपेत हात लागला असेल हिचा." त्यानं तळहातावरचं पीठ अंगठ्यानं खरवडलं. "आणि काही बोललं की तुला लागायचं तेव्हा. चूक दाखवली तर आणखी एक भांडण. म्हणून गुपचूप चार करून ठेवला. तुला कळू नये म्हणून."

बाहेर सुसी कुणाला तरी अर्धा किलो तोलून देत होती, कुणीतरी किसलेलं चीज मागत होतं.

"तू पुरावा म्हणालीस," एल्बियो म्हणाला, "तो हाच?"

तिनं होकाराची मान हलवली.

तो एका पोत्यावर बसला. तो बोलला तेव्हा त्याच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळं ते ऐकणं आणखी अवघड झालं.

"अठरा वर्षं मी शोधतोय," तो म्हणाला. "तू खोटं बोलणारी नव्हतीस. म्हटलं, पुरावा म्हणते म्हणजे असणारच. मग माझ्याच हातून काहीतरी झालं असणार आणि मी विसरलो असणार."